काचेच्या पेटीतील उपासमार : शोभेचे सागरी मासे आणि पालनाची नीती

मराठीतील 'पाळणे' या क्रियापदात रक्षण आणि पोषण असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. गाय पाळली म्हणजे तिच्या वैरणीची जबाबदारी पत्करली, कोंबडी पाळली म्हणजे तिच्या दाण्याची तजवीज केली, असे आपण गृहीत धरतो. ज्या जीवाला आपण खाऊ घालू शकत नाही, तो आपल्या घरात असला तरी पाळलेला नसतो. तो केवळ डांबलेला असतो. हा साधा भेद शहरी घरांत शिरलेल्या एका छंदाला लावून पाहणे, एवढाच या लेखाचा मर्यादित हेतू आहे. हा छंद म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत प्रवाळभिंतीवरील रंगीत मासे ठेवणे, आणि त्यातही अशा जातींचे मासे ठेवणे, ज्यांना माणसाच्या हातचे अन्न बहुधा चालतच नाही.

गोड्या पाण्यातील मासे आपल्या परिचयाचे आहेत. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांच्या कित्येक पिढ्या टाक्यांत आणि तळ्यांतच वाढल्या. बाजारात येणारे गोड्या पाण्यातील बहुतेक शोभेचे मासे संवर्धन केंद्रांतून येतात आणि डबीतील कोरडे खाद्य ते आनंदाने खातात. सागरी माशांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्यांतील बहुसंख्य मासे आजही समुद्रातून पकडून आणलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न असलेल्या जागतिक संवर्धन संनियंत्रण केंद्राने २००३ साली या व्यापारावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार त्या काळात जगभर दरवर्षी दोन ते अडीच कोटींच्या दरम्यान सागरी शोभेचे मासे विकले जात होते, आणि त्यांत १,४७१ जातींचा समावेश होता. त्यांपैकी मोठा हिस्सा फिलिपाईन्स आणि इंडोनेशिया या दोन देशांच्या किनाऱ्यांवरून निघत होता.

या सर्वच जाती पोसायला कठीण आहेत असे नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. क्लाउनफिश किंवा डॅमसेल हे मासे टाकीत आल्यावर एकदोन दिवसांत गोठवलेली कोळंबी किंवा दाणे खाऊ लागतात. प्रश्न आहे तो उरलेल्यांपैकी एका गटाचा. प्रवाळभिंत ही लक्षावधी वर्षांत घडलेली सहजीवनाची व्यवस्था आहे, आणि तेथे अनेक जीवांनी आपापले अन्न वाटून घेतले आहे. कोणी केवळ प्रवाळांचे जिवंत मांसल भाग खुडतो, कोणी स्पंज खातो, कोणी दुसऱ्या माशांच्या अंगावरील परजीवी टिपतो. असा मासा आपल्या अन्नापासून तोडला की त्याच्यासमोर ठेवलेले दुसरे पदार्थ त्याला अन्न म्हणून ओळखूच येत नाहीत. त्याचा हा हट्ट नसतो. समोर जे पडले आहे ते खाण्याजोगे आहे, हे सांगणारी ओळखच त्याच्या ठायी नसते.

मँडरिन या माशाचे उदाहरण या दृष्टीने विस्ताराने पाहण्यासारखे आहे, कारण त्याच्याइतका मोहक आणि त्याच्याइतका सहज उपासमारीत जाणारा मासा क्वचितच असेल. जपानच्या दक्षिणेकडील रिउक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पश्चिम प्रशांत महासागरात तो आढळतो. लांबी जेमतेम सहासात सेंटीमीटर. अंगावर खवले नाहीत. त्याऐवजी चिकट श्लेष्माचे आवरण. निळ्या अंगावर नारिंगी आणि हिरव्या वळणदार रेषा अशा काढलेल्या, की जणू कोणी रेशमावर भरतकाम केले आहे. बहुतेक प्राण्यांमध्ये दिसणारा निळा रंग हा प्रकाशाच्या परावर्तनाचा खेळ असतो. मँडरिनच्या कातडीत मात्र खऱ्या निळ्या रंगद्रव्याच्या पेशी आहेत, आणि पृष्ठवंशीय प्राण्यांत ही गोष्ट फारच दुर्मिळ आहे. प्रवाळांच्या तुटक्या तुकड्यांच्या ढिगात तो दिवसभर दडून असतो. सूर्यास्ताच्या सुमारास नर आणि मादी पोटाला पोट लावून सावकाश वर उठतात, अंडी आणि शुक्र पाण्यात सोडतात आणि पुन्हा तळाशी जातात.

त्याचे जेवण हा त्याच्या जीवनक्रमाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. कोपेपॉड आणि त्यांसारखे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव दगडांच्या फटींत वावरत असतात. मँडरिन एखाद्या जवाहिऱ्याप्रमाणे दगड न्याहाळत सरकतो, थबकतो, आणि एक टिपतो. पुन्हा सरकतो. हे काम दिवसभर, तासन्तास चालते. एका वेळी पोटभर खाऊन निवांत बसणे त्याच्या शरीररचनेत नाही. आता हाच मासा शंभर लिटरच्या नव्या टाकीत आणून सोडला असे समजा. टाकीतील दगडांवर थोडेफार सूक्ष्मजीव असतातच; पहिले काही दिवस तो त्यांवर गुजराण करतो. परंतु त्या जीवांची पैदास त्याच्या भुकेच्या वेगाने होत नाही. साठा संपतो. वर तरंगणाऱ्या खाद्याकडे तो पाहतही नाही. चपळ मासे ते केव्हाच फस्त करतात. आणि तो मात्र पूर्वीप्रमाणेच दगडांवरून चोच मारत हिंडत राहतो.

नेमकी येथेच मालकाची फसगत होते. मासा सारखा काहीतरी टिपताना दिसतो, तेव्हा तो खात असला पाहिजे, असा समज होतो. दुकानदारही तसेच सांगतो. वस्तुतः तो खात नसतो, शोधत असतो. मासे शीतरक्ती असल्यामुळे त्यांच्या शरीराची ऊर्जेची गरज अल्प असते, आणि म्हणून उपासमारीने त्यांना मरण यायला कित्येक आठवडे लागतात. प्रथम पोट आत जाते, नंतर पाठीवरचे मांस झडून कणा उठून दिसू लागतो. रंग मात्र पुष्कळदा शेवटपर्यंत तसेच झळझळीत असतात. घरातील माणसे त्या रंगांकडे पाहून समाधान पावत असतात, आणि त्याच वेळी काचेच्या पलीकडे एक जीव इंचाइंचाने संपत असतो. या विसंगतीत मला तरी या छंदातील सर्वांत भीषण गोष्ट दिसते.

फुलपाखरू मासे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातील काही जाती तर केवळ जिवंत प्रवाळांवर जगतात. आपल्या लक्षद्वीपच्या समुद्रातही अशा जाती आहेत. १९९८ साली समुद्राचे तापमान वाढून लक्षद्वीपमधील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. प्रवाळ गेले की या माशांचेही अन्न जाते. जे समुद्रात अशा आपत्तीने घडते, ते टाकीत पहिल्या दिवसापासूनच घडलेले असते. मूरिश आयडॉल हा २००३ सालच्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटामुळे मुलांच्याही ओळखीचा झालेला पट्टेरी मासा स्पंज खाऊन जगतो आणि टाकीत फार थोडे टिकतात. समुद्रघोड्याला तर जठरच नसते. त्याला दिवसातून अनेकदा बारीक सजीव खाद्य मिळावे लागते. भारतात समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे ते बाळगणे हा नीतीबरोबर कायद्याचाही प्रश्न ठरतो.

क्लीनर रास या बोटभर लांबीच्या माशाची गोष्ट थोडी वेगळी आहे. प्रवाळभिंतीवर त्याची ठरलेली जागा असते. मोठमोठे मासे तेथे येऊन उभे राहतात, कल्ले उघडतात, तोंड वासतात, आणि हा त्यांच्या अंगावरील परजीवी टिपून घेतो. ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटाजवळ झालेल्या अभ्यासात एक क्लीनर रास दिवसाला सुमारे १,२०० परजीवी खातो, असे आढळले. त्याच परिसरात काही लहान प्रवाळखडकांवरून हे मासे काढून टाकून दीड वर्ष निरीक्षण केले, तेव्हा तेथील माशांच्या जातींची विविधता सुमारे निम्म्यावर आली. म्हणजे हा एक मासा उचलून आपण एका वस्तीचा वैद्य नेतो. आणि नेतो कोठे, तर अशा टाकीत जेथे पाचसहा मासे आहेत आणि त्यांच्या अंगावर त्याचे पोट भरेल इतके परजीवी नाहीत. उपयुक्त मासा म्हणून तो विकला जातो हा आणखी एक विपर्यास. २०१९ साली जपानी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याच जातीच्या माशांनी आरशात पाहून आपल्या गळ्यावरील खूण दगडावर घासून काढण्याचा प्रयत्न केला होता. त्यावरून त्याला आत्मभान आहे असे म्हणावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. पण त्याला निर्बुद्ध म्हणणे आता कठीण झाले आहे.

माशांना वेदना होतात काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. एडिंबरोजवळील रॉसलिन संस्थेत लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राऊट माशांवर केलेले संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. माशांच्या चेहऱ्यावर इजेची सूचना देणारे मज्जाग्राहक त्यांना आढळले. ओठात ॲसेटिक आम्ल टोचलेले मासे ओठ तळाच्या खडीवर घासू लागले आणि बराच काळ अन्नाला शिवले नाहीत. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. मेंदूच्या रचनेकडे बोट दाखवून काही शास्त्रज्ञ याला वेदना म्हणण्यास तयार नाहीत. वाद संपलेला नाही. पण ज्या ठिकाणी शंका आहे, आणि शंकेच्या एका पारड्यात दुसऱ्या जीवाचे दुःख व दुसऱ्या पारड्यात आपल्या दिवाणखान्याची शोभा आहे, त्या ठिकाणी शंकेचा फायदा कोणाला द्यावा, हे ठरवायला प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही.

येथे कोणीही वाचक रास्त आक्षेप घेईल. आपण मासे खातो. बोंबील, मांदेली, सुकट हे आपल्या घरातील अन्न आहे, आणि अहिंसेच्या नावाखाली दुसऱ्याच्या ताटात डोकावणाऱ्यांचा जाच आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या सोसला आहे. मग खाण्यासाठी मारलेल्या माशाबद्दल मौन आणि टाकीतील माशाबद्दल कळवळा, ही विसंगती नव्हे काय? या आक्षेपाचे उत्तर पूज्य बाबासाहेबांच्या विवेचनात सापडते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी अहिंसेची चर्चा करताना नियम आणि तत्त्व यांत भेद केला, आणि मारण्याची गरज व मारण्याची इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. बुद्धांची अहिंसा हा आंधळेपणाने पाळण्याचा नियम नसून विचारपूर्वक आचरण्याचे तत्त्व आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या कसोटीवर पाहिले असता कोळ्याच्या जाळ्यामागे आणि गरिबाच्या चुलीमागे गरज उभी आहे. मँडरिनच्या टाकीमागे कोणती गरज आहे? पोट भरण्याची नाही, औषधाची नाही, ज्ञानाचीही बहुधा नाही. तेव्हा ताटातील मासा आणि टाकीतील मासा यांचा प्रश्न एक नाही.

परंतु छंदिष्ट माणसाची मारण्याची इच्छा तरी कोठे असते? त्याला तर मासा जगावा असेच वाटते. हा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. पालि अट्ठकथांनी पाणातिपाताची पाच अंगे सांगितली आहेत : प्राणी असणे, तो प्राणी आहे ही जाणीव असणे, मारण्याचे चित्त, त्यासाठी केलेला उपक्रम आणि त्यातून घडलेले मरण. उपासमारीने मेलेल्या मँडरिनच्या बाबतीत तिसरे अंग नाही, म्हणून पहिल्या शीलाचा काटेकोर अर्थाने भंग झाला, असे म्हणता येणार नाही. मला वाटते, हे प्रांजळपणे मान्य करावे. पण शीलाची सीमारेषा ओलांडली नाही, एवढ्याने आचरण कुशल ठरत नाही. ज्याने अजाणतेपणी पहिला मासा आणला, त्याच्या ठिकाणी अज्ञान होते. तो मेल्यावर ज्याने कारण न शोधता दुसरा आणला, त्याच्या ठिकाणी प्रमाद आहे. आणि हे मासे टिकत नाहीत हे पक्के ठाऊक असूनही, गेला तर दुसरा आणू, अशा हिशेबाने जो तिसरा आणतो, त्याने त्या जीवाच्या मरणाची किंमत आधीच ठरवून खिशात ठेवलेली असते. तेथे मारण्याचे चित्त नाही असे म्हणणे शब्दांपुरतेच खरे आहे. ज्या धम्मात चेतनेला कर्म म्हटले आहे, त्यात जाणून घेण्याचे टाळणे हीदेखील एक चेतनाच होय.

विक्रेत्याचा विचार निराळा. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, सत्त्वांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यांतील सत्त्ववणिज्जा म्हणजे जिवंत प्राण्यांचा व्यापार, असा अर्थ आज सर्रास घेतला जातो; अट्ठकथेने मात्र तो माणसांच्या विक्रीपुरता सांगितला आहे. अर्थाचा हा भेद लक्षात ठेवूनही, जे गिऱ्हाईक मासा जगवू शकणार नाही हे दिसत असताना त्याला तो विकणे सम्यक आजीविकेत कसे बसते, याचे उत्तर विक्रेत्यालाच द्यावे लागेल. मुंबईत महात्मा जोतिबा फुले मंडईच्या परिसरात, ज्याला लोक अजून क्रॉफर्ड मार्केट म्हणतात, पाळीव प्राण्यांचा बाजार आहे. तेथील छोट्या दुकानदारावर सगळा दोष ढकलून मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. साखळी लांब आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला फिलिपाईन्समधील एखादा दरिद्री पाणबुड्या असतो. १९६० च्या दशकापासून तेथे सोडियम सायनाइडचे द्रावण बाटलीतून प्रवाळांच्या फटींत फवारून मासे गुंगवण्याची पद्धत रूढ झाली. कायद्याने बंदी असूनही ती पुरती थांबली नाही. त्या विषाने प्रवाळ मरतात, माशांची इंद्रिये आतून निकामी होतात, आणि अपुऱ्या साधनांनिशी खोल जाणारा पाणबुड्याही आपले शरीर पणाला लावतो. त्याच्या हातात पडणारी रक्कम शेवटच्या किमतीचा अत्यल्प अंश असते. शोषणाची ही उतरंड आपल्याला अपरिचित नाही.

एक गोष्ट जाता जाता. वास्तुशास्त्राच्या आणि फेंगशुईच्या नावाने घरात विशिष्ट संख्येने मासे ठेवण्याची प्रथा हल्ली आपल्याही काही घरांत दिसते. मासा मेला तर त्याने घरावरचे संकट आपल्या अंगावर घेतले, असे समाधान सांगितले जाते! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने प्राणिमात्रांवर दया करण्याचे आणि त्यांच्या पालनाचे वचन दिलेले असते. त्याने निष्काळजीपणाने मारलेल्या जीवाला वर संकटमोचक ठरवावे, याहून अधिक करुण विनोद तो कोणता?

कायद्याने हा प्रश्न सोडवण्याचा एक प्रयत्न आपल्याकडे झाला. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने मे २०१७ मध्ये मत्स्यपेट्या आणि शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम जारी केले आणि १५८ जातींची विक्री व प्रदर्शन यांवर बंदी घातली. त्यांत फुलपाखरू मासे होते, तसेच सहज पोसता येणारे क्लाउनफिशही होते. व्यवसायातून तीव्र विरोध झाला आणि पुढे ते नियम मागे घेण्यात आले. सरसकट बंदीच्या यादीत कठीण आणि सोपे यांचा विवेक नव्हता, हे त्या नियमांचे दौर्बल्य होते, असे माझे मत आहे.

कारण मार्ग आहे, आणि तो संवर्धनाचा आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशची बंदिस्त पैदास यशस्वी केली आहे. मँडरिनसुद्धा २०१० च्या सुमारास अमेरिकेतील संवर्धकांनी टाकीत जन्माला घालून विक्रीस आणला. जन्मापासून तयार खाद्याची सवय लावलेला असा मासा पुष्कळदा तेच खाऊन जगतो. काही जाणते छंदिष्ट म्हणतात, की कठीण मासे ठेवण्याचा खटाटोप कोणी केलाच नसता तर हे ज्ञान मिळाले नसते. यात तथ्य आहे. परंतु ते ज्ञान ज्यांनी मिळवले, त्यांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या, सूक्ष्मजीवांची स्वतंत्र पैदास केली, अळ्यांना काय चालते हे तपासले. त्यांच्या परिश्रमाचा दाखला देऊन कोरी टाकी आणि डबीतले दाणे एवढ्या भांडवलावर मँडरिन विकत घेणे योग्य ठरत नाही. घ्यायचाच असेल तर दुकानात तो आपल्या डोळ्यांसमोर खाताना दाखवण्याचा आग्रह धरावा. काय खातो, कोठून आला, टाकीत जन्मला की समुद्रात, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर रिकाम्या हाताने परत यावे.

ज्यांच्या घरी असा मासा आधीच आहे, त्यांनी दयेपोटी तो समुद्रात सोडू नये. परक्या समुद्रातील मासा आपल्या किनाऱ्यावर रोग किंवा नवा शत्रू होऊन येऊ शकतो. हिंदी व प्रशांत महासागरातील लायनफिश १९८० च्या दशकात फ्लॉरिडाजवळ दिसू लागला, तो टाक्यांतून सोडलेल्या माशांमुळे असे मानले जाते, आणि आज कॅरिबियन समुद्रातील स्थानिक माशांना तो भारी पडला आहे. जीवदान म्हणून पकडलेले जीव पाण्यात सोडण्याची प्रथा काही बौद्ध देशांत आहे. तिच्यातूनही असेच अनर्थ झाले आहेत. अशा मालकाने टाकीतील चपळ प्रतिस्पर्धी मासे आधी दुसरीकडे हलवावेत. आर्टेमियाची अंडी बाजारात मिळतात. मिठाच्या पाण्यात, हवा सोडत ठेवली असता ती पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमानाला साधारण एका दिवसात फुटतात. बाहेर पडलेली पिले लगेच खाऊ घालावीत, कारण त्यांच्यातील पोषक अंश काही तासांतच घटू लागतो. केवळ त्यांवर मासा फार काळ निभावत नाही, म्हणून कोपेपॉडची पैदास वेगळ्या भांड्यात सुरू करावी आणि टाकीतील दगडांना त्यांची वस्ती वाढण्यास अवधी द्यावा. खाणे दिवसातून एकदा नव्हे, तीनचार वेळा थोडे थोडे घालावे. आणि रोज, रंगाकडे नव्हे, पोटाकडे आणि पाठीकडे पाहावे : पोट भरलेले गोलसर दिसते की नाही, आणि पाठीवर मांस धरते आहे की कणा उठून दिसतो आहे.